ठिपका कुठे बसवायचा

आम्हा बहीणभावांच्या माना वेगवेगळ्या लांबीच्या आहेत आणि रायफल एकच आहे, वडिलांची. धाकट्याची मान आईसारखी लांब. मला मान आहे हे फक्त शर्टाचं माप घेणाऱ्याला ठाऊक. आता हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण आमच्या नेमबाजी क्लबात दरवर्षी जोडीची स्पर्धा असते आणि तिचा नियमच असा आहे: एका घरातली दोन माणसं, रायफल एक, पालथं झोपून आळीपाळीनं गोळ्या झाडायच्या, आणि एकदा सुरुवात झाली की नेम धरायच्या साधनाला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. म्हणजे जे काही बसवायचं ते दोघांना मिळून एकाच जागी. एकाला सोयीचं झालं की दुसऱ्याची मान धरते. याला कौटुंबिक स्पर्धा म्हणतात ते उगाच नाही.

मी शिलाई मशीन आणि रायफली दुरुस्त करते. दोन्ही कामं एकाच टेबलावर होतात आणि दोन्हीकडची गिऱ्हाइकं सारखीच. बिघडवून आणतात आणि वर म्हणतात, आम्ही काही केलं नाही हो, आपोआप झालं. धाकटा लोखंडाच्या यार्डात क्रेन चालवतो. सकाळी शिडीनं वर केबिनमध्ये चढतो, संध्याकाळी उतरतो, आणि मधल्या वेळात सळयांचे गठ्ठे आणि पत्र्याच्या गुंडाळ्या इकडच्या तिकडे करतो. खाली साखळ्या अडकवायला आणि इशारे द्यायला एक माणूस असतो. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. तोही आमच्या क्लबात आहे. बायकोबरोबर जोडीत उतरतो, दरवर्षी शेवटून दुसरा येतो आणि दरवर्षी त्याला त्याचाच आनंद होतो.

यंदा क्लबानं जोडीच्या स्पर्धेत रेड डॉट वापरायला परवानगी दिली. रेड डॉट म्हणजे एक बोटभर नळकांडं, आत काच. डोळा लावला की काचेत लाल ठिपका दिसतो. ठिपका टारगेटवर ठेवायचा आणि खटका ओढायचा, संपलं. जुन्या पद्धतीत मागची खाच, पुढचं टोक आणि टारगेट अशा तिघांची समजूत काढावी लागायची, ते सगळं गेलं. ठिपक्याचा उजेड बॅटरीवर चालतो. एवढीशी चपटी बॅटरी, शर्टाच्या बटणाएवढी.

परवानगी मिळाल्याच्या आठवड्यातच धाकटा तो विकत घेऊन दुकानात हजर झाला. मला आश्चर्यच वाटलं. नवीन वस्तू आली की हा आधी वर्षभर तिला नावं ठेवतो, मग विकत घेतो.

"ताई, हा बसवून दे," तो म्हणाला.

"कुठे?"

"ते बघू बसवता बसवता."

तिथूनच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

माझं मत साधं होतं. रायफलीच्या अंगावर, नळीच्या मागे, अगदी मधोमध आणि जितका खाली बसवता येईल तितका. तिथलं लोखंड जाड असतं, हलत नाही, आणि नळकांडं डोळ्याजवळ आलं की काच मोठी दिसते. मी पट्टी बसवली, स्क्रू आवळले, ठिपका चालू केला आणि धाकट्याला म्हटलं, झोप. माझ्या दुकानात झोपायला एकच जागा आहे, शिलाई मशिनांच्या दोन रांगांमध्ये. तो तिथे पालथा पडला, रायफल खांद्याला लावली आणि समोरच्या भिंतीवर लावलेल्या कागदाकडे बघत बसला. बराच वेळ बघत होता.

"दिसतो?" मी विचारलं.

"पुढे घे जरा."

मी पुढे घेतला. परत बघितलं. आणखी पुढे घे. आणखी पुढे म्हणजे नळीवर. नळी गोळीगणिक थरथरते, तापते, तिच्यावर ठिपका बसवणं म्हणजे हलत्या शिडीवर उभं राहून भिंत रंगवणं. मी हे त्याला चांगल्या शब्दांत सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. मग वाईट शब्दांत सांगितलं, तेही ऐकलं नाही. शेवटी बसवला नळीवर. तो झोपला, बघितलं, आणि म्हणाला, "आता वर घे."

"वर म्हणजे?"

"उंच कर. खाली काहीतरी ठोकळा दे."

मी ठोकळा दिला. त्याला तो कमी पडला. मग आणखी मोठा ठोकळा कापला, कानसून गुळगुळीत केला, भोकं पाडली. रायफलीच्या डोक्यावर पाण्याची टाकी बसवल्यासारखं दिसायला लागलं. त्या वेळी एक बाई मशीन घ्यायला आल्या. त्यांनी धाकट्याला ओलांडलं, आपलं मशीन तपासलं, परत जाताना त्याला पुन्हा ओलांडलं आणि दारातून म्हणाल्या, "दादा, इतकं उंच कशाला? मान दुखेल."

"हो ना," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा. माझं कोण ऐकतंय!"

धाकटा नुसता हसला. एरवी त्यानं त्या बाईंना रायफलीचं सगळं शास्त्र ऐकवलं असतं. मी लक्ष दिलं नाही, कारण मी चिडलेली होते. चिडले की मला फक्त मीच दिसते.

दोन आठवडे हेच चाललं. संध्याकाळी यार्डातून सुटला की हा दुकानात. पुढे घे, मागे घे, वर कर, जरा कलता करून बघ. आता वाटतं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. जो माणूस कपबशीसुद्धा टेबलाच्या काठाला समांतर ठेवतो, तो रेड डॉट कलता करायला सांगतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. पण मला वाटलं, मुद्दाम करतोय. लहानपणी वडिलांनी मला आधी रायफल हातात दिली होती, त्याला नंतर. तो राग हा आता काढतोय, असा मी अर्थ लावला. आणि खरं सांगू, मला तो अर्थ आवडलाही, कारण त्यात चूक सगळी त्याची होती.

एके दिवशी मी हात टेकले. म्हटलं, बास झालं. सगळे ठोकळे काढून टाकले, पट्टी पुन्हा मागे आणली आणि नळकांडं माझ्या पहिल्याच जागी बसवलं, खाली आणि मधोमध. दोन भोकं थोडी मोठी करावी लागली. ड्रिल चालवायचं असलं की मी आधी बॅटरी काढून ठेवते, ही माझी जुनी सवय. लोखंडाचा कीस आत गेला की सगळंच जळतं. भोकं झाली, स्क्रू बसले. मी धाकट्याला म्हटलं, "ही माझी शेवटची जागा. पटत असेल तर हो म्हण, नाहीतर बायकोला घेऊन उतर आणि तिच्या मानेशी भांड."

तो झोपला, गाल दस्त्याला लावला. पूर्वी लावायचा तसा, नीट. थोडा वेळ गेला.

"बास!" तो म्हणाला. "हीच जागा. ठिपका अगदी मधोमध आला बघ."

मी जिंकले. दोन आठवड्यांनी का होईना, जिंकले. भावाशी भांडण जिंकण्याचं सुख ज्यांना भाऊ नाही त्यांना कळायचं नाही. मी चहा ठेवायला उठले आणि काडेपेटीसाठी एप्रनच्या खिशात हात घातला. हाताला बॅटरी लागली.

मी ती बाहेर काढून बघितली. तीच होती. रेड डॉटमध्ये बॅटरी नव्हतीच.

मला आधी हसूच आलं. वाटलं, मेला माझा पिच्छा सोडवायला हो म्हणाला. मग वाटलं, हा कंटाळून हो म्हणणारा माणूस नाही. मी त्याच्याजवळ येऊन गुडघ्यावर बसले.

"केवढा दिसतो रे ठिपका?"

"वाटाण्याएवढा."

"उजेड कमी करू का थोडा?"

"हो, थोडा कमी कर."

मी बटण फिरवलं. "आता?"

"आता मस्त," तो म्हणाला. डोळा तसाच काचेला लावलेला.

मी ती बॅटरी त्याच्या तोंडासमोर फरशीवर ठेवली. त्याला ती लगेच दिसली नाही. मग त्यानं मान किंचित उजवीकडे वळवली, डाव्या डोळ्यानं बघतात तशी, आणि दिसली.

रायफल बाजूला ठेवून तो उठून बसला आणि गुडघ्यांवरची धूळ झटकायला लागला. दुकान मी सकाळीच झाडलं होतं, धूळ नव्हती.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवाळखोरीचा धंदा आहे तुझा," तो म्हणाला. "बॅटरी न घालता वस्तू देतेस."

"किती दिवस झाले, विचारतेय मी."

मग त्यानं सांगितलं. हिवाळ्यात एका सकाळी उठला तर उजव्या डोळ्यासमोर मधोमध एक राखाडी डाग होता. चोळला, धुतला, गेला नाही. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा खराब झालाय, आता जेवढं आहे तेवढंच. कडेनं दिसतं, मधलं गेलं. डावा डोळा ठणठणीत आहे.

"मला वाटलं, कडेनं दिसतंय ना, मग ठिपका जरा कडेला आला तर दिसेल," तो म्हणाला. "पुढे, मागे, वर, कुठेतरी सापडेल. पण तो डाग माझ्याबरोबरच फिरतो, ताई. जिथे बघायला जावं तिथे आधीच जाऊन बसलेला असतो."

मी त्याच्यावर दोन आठवडे ओरडले होते. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्याकडे ती पद्धत नाही, म्हणून मी चहा केला. चहा गाळताना हात थांबला, कारण तेव्हा कुठे मला दुसरी गोष्ट सुचली.

"यार्डात सांगितलंस?"

तो कपाकडे बघत राहिला.

"घरी?"

"घरी सांगितलं की यार्डात जाणारच. तिच्या पोटात काही राहत नाही."

"अरे, तू क्रेन चालवतोस!"

"चालवतो ना. चालतेय ना? ताई, अर्धं आयुष्य त्या केबिनमध्ये गेलंय. हाताला सगळं पाठ आहे. डोळे मिटूनसुद्धा माल उतरवीन मी."

"तेच तर म्हणतेय मी! डोळे मिटूनच उतरवतोयस तू!"

एका डोळ्यानं अंतर कळत नाही. मला माहीत आहे, सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून बघा कोणीही. आणि त्याच्या हुकाला सुई-दोरा लटकत नाही, सळयांचा गठ्ठा लटकतो, आणि त्या गठ्ठ्याच्या आसपास शिट्टी वावरत असतो. हे सगळं मी त्याला सांगितलं. आवाज चढला असावा, कारण समोरचा केस कापणारा दारात येऊन बघून गेला.

धाकट्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू फक्त एक कर. ठिपका मधेच राहू दे. मी अंदाजानं मारीन. आपण हरू. लोक म्हणतील, यंदा नेम चुकला. नेम चुकलेला चालतो ताई, कोणाचाही चुकतो. डोळा गेलेला चालत नाही. क्रेनवरून उतरवलं तर मी काय करू? यार्डाच्या फाटकावर बसून ट्रकांचे नंबर लिहू?"

ते त्याच्यानं झालं नसतं, हे मलाही कळत होतं. वर केबिनमध्ये बसलेला माझा भाऊ मी बघितलाय. खाली तो जरा ओशाळलेला असतो, बायकोसमोर, मुकादमासमोर, माझ्यासमोर. वर गेला की राजा. ते त्याच्यापासून काढून घ्यायचं म्हणजे काय, ते मला तिथे बसल्या बसल्या इतकं लागलं की माझा चहा तसाच राहिला. पण शिट्टीचं डोकं माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. बिनटोपीचं, मागून विरळ झालेलं डोकं.

"मी ठिपका डावीकडे बसवणार," मी म्हटलं. "कोपर काढलेली पट्टी करते. रायफल तुझ्या उजव्या खांद्यालाच राहील, ठिपका डाव्या डोळ्यासमोर येईल."

"आणि सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे."

"क्लबातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल, हे कशासाठी केलंय ते. शिट्टी तर पहिला येऊन हात लावून बघेल. त्यापेक्षा मी रायफल डाव्या खांद्याला घेतो."

"घेऊन बघितलीस?"

"बघितली," तो म्हणाला. "शेजारच्याच्या टारगेटला लागली."

मग त्याचा चेहरा जरा उजळला. "तू सांगशील का, की तुझा डोळा गेलाय? तुला काय फरक पडतो? तू काही क्रेन चालवत नाहीस."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण मी म्हटलं, "मी काहीही सांगणार नाही. खरं नाही आणि खोटंही नाही. मी गप्प बसेन. सांगायचं ते तूच सांगायचं. रविवारची स्पर्धा होईपर्यंत थांबते, आणि तोवर आजारी पड, पाय मुरगळ, काहीही कर, पण वर चढायचं नाही. स्पर्धा संपेपर्यंत तू बोलला नाहीस तर सोमवारी मी यार्डात येते आणि तुझ्या क्रेनखाली खुर्ची टाकून बसते. उतरव मग माल माझ्या डोक्यावर."

"तू येशील," तो म्हणाला.

"खुर्चीसकट येईन."

तो ताडकन उठून गेला. कपबशी टेबलाच्या काठाला समांतर ठेवून गेला, पण दार आपटलं. दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला की ह्यांचा पाय मुरगळलाय, सुट्टी घेतलीय, आणि मुरगळलेला पाय घरात फिरताना दर वेळी बदलतोय, हे काय प्रकरण आहे? मी म्हटलं, त्यालाच विचार.

मी पट्टी केली. जाड पत्रा वाकवून, रायफलीच्या अंगातून डावीकडे बाहेर येणारी. सांगायला सोपं आहे. करताना तीनदा वाकडी झाली आणि एकदा मी ती रस्त्यावर फेकून दिली, मग जाऊन घेऊन आले. शेवटी बसली. दिसायला अशी, की रायफलीनं कमरेवर हात ठेवलाय. पन्नास मीटरवर जुळवून घेतली. अलीकडे-पलीकडे खुशाल चुकेल, पण स्पर्धा पन्नास मीटरचीच असते.

आता राहिला माझा प्रश्न. डावीकडे बसवलेला ठिपका मलाही डाव्या डोळ्यानंच बघावा लागणार. नियम नियम आहे, मधेच हलवता येत नाही. मी जन्मभर उजव्या डोळ्यानं नेम धरलेली बाई. म्हणून चष्म्याच्या उजव्या काचेला आतून कागद चिकटवला आणि आठवडाभर तसाच चष्मा लावून दुकानात वावरले. दाराच्या चौकटीला खांदा आपटला. स्क्रू उचलायला गेले की बोटं अर्ध्या इंचावर बंद व्हायची. चहा कपाच्या शेजारी ओतला. प्रत्येक वेळी धाकटा आठवायचा, शिडीवर एकेक पायरी चाचपत वर चढणारा, आणि मी एकटीच त्याला शिव्या द्यायचे. मग रडायचे. मग परत शिव्या.

स्पर्धेच्या सकाळी तो येणार की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी रायफल घेऊन एकटीच रेंजवर गेले, आमच्या जागेवर सतरंजी टाकली आणि बसले. शिट्टी शेजारच्याच जागेवर होता. त्याची बायको अजून कपडे बदलत होती. त्यानं आधी माझा चष्मा बघितला, मग रायफल बघितली, आणि तोंडातली शिट्टी बाहेर काढली. स्पर्धेलाही तो ती घालून येतो.

"अरे बापरे, ताई! डोळ्याला काय झालं?"

मी गप्प बसले. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. मी नको तिथला स्क्रू आवळायला घेतला.

तेवढ्यात धाकटा आला. नीट चालत. त्यानं रायफलीकडे बघितलं, त्या कमरेवरच्या हाताकडे, आणि माझ्या कागद लावलेल्या काचेकडे. त्या काचेकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"पाय बरा दिसतोय," शिट्टी म्हणाला. "आणि ताईंच्या डोळ्याचं मला बोलला नाहीस तू. त्यांच्यासाठीच केलंय ना हे, असं डावीकडे? डोकं आहे हां ताईंना."

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. मी स्क्रू आवळत होते. तो स्क्रू आता जन्मात सुटणार नव्हता.

"हो," धाकटा म्हणाला. "ताईचंच डोकं."

एवढंच. खोटं बोलला असंही म्हणता येणार नाही. मी मनात म्हटलं, संपलं. सोमवार. खुर्ची कुठली न्यायची, तेसुद्धा मी ठरवायला लागले.

शिट्टीनं धाकट्याच्या पाठीत थाप मारली. "बरं झालं बाबा. म्हणजे वाईट झालं ताईंचं, पण तू ठीक आहेस ना? सांगतो तुला आता. मला वाटायला लागलं होतं की तुझीच नजर कमी झालीय. हिवाळ्यापासून बघतोय, माल खाली आणताना तू अडखळतोस, थांबतोस. पूर्वी असा नव्हतास. मग मी काय केलं माहितीये? पूर्वी खांबाजवळ उभा राहायचो की नाही, तसा न राहता आता हुकाच्या अगदी जवळ येऊन उभा राहतो. म्हटलं, गडी थकला असेल, त्याला आपण जवळून नीट दिसलो पाहिजे."

हे सगळं तो हसत सांगत होता. त्याला वाटत होतं, तो एक जुनी काळजी मिटल्याचं सांगतोय.

"जवळ म्हणजे कुठे?" धाकट्यानं विचारलं.

"खालीच की. हुकाच्या खाली. तिथून हात केला की तुला दिसतो ना?"

माझ्या भावाचा चेहरा पांढरा पडला. मी तो चेहरा लहानपणापासून बघतेय, आई गेली तेव्हाही बघितलाय, पण असा नाही. तो सतरंजीवर बसला.

"मला नाही दिसत," तो म्हणाला.

"काय?"

"हात केलेला. तू. मला तू नाही दिसत रे तिथे. उजवा डोळा गेलाय माझा, आणि डाव्याच्या आड केबिनची चौकट येते. हिवाळ्यातच. तू खांबाजवळ असतोस असं धरून मी माल खाली सोडतोय."

शिट्टी हसतच होता, हसू पुसायचं राहून गेलं होतं. मग त्यानं वर बघितलं. रेंजवर वर काही नसतं, नुसतं आकाश. तरी त्यानं बघितलं, आणि एक पाऊल बाजूला सरकला.

त्यानं शिवी दिली नाही. द्यायला हवी होती, मी दिली असती. तो नुसता म्हणाला, "मला दोन पोरं आहेत रे."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला.

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि मुकादमाला लावला. केबिनमधून बोलायची सवय, त्यामुळे त्याचा आवाज कायम मोठा. सगळ्या रेंजला ऐकू गेलं. "उद्यापासून वर दुसऱ्याला चढवा. नाही, पाय नाही. पाय काही झालेला नव्हता. डोळा गेलाय माझा. हो, आधीच सांगायला हवं होतं. ते बोला तुम्ही उद्या, मी येतो, समोर उभा राहतो. पण वर नाही चढणार." फोन बंद केला. शेजारच्या जागेवरचे लोक आपापल्या रायफलींची फारच बारकाईनं पाहणी करत होते.

मी चष्मा काढला, डोळे पुसले आणि परत घातला. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याच्या थोबाडीत द्यावीशीही वाटत होती, दोन्ही एकदम.

"ताई, घरी तू सांगशील?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही."

"बरं."

पंच हातात कागद घेऊन आमच्याच दिशेनं येत होते, पुढची पाळी आमची होती. धाकट्यानं घरी फोन लावला. भावजयीनं पहिल्याच घंटेला उचलला. स्पर्धा चालू असताना हा कधी फोन करत नाही, म्हणून ती उचलतानाच घाबरलेली होती. "काय झालं?" हे मलासुद्धा ऐकू आलं.

"काही नाही, सगळं ठीक आहे," तो म्हणाला.

मग थांबला. शिट्टी दोन पावलांवर उभा राहून त्याच्याकडेच बघत होता.

"नाही," धाकटा म्हणाला. "ठीक नाहीये. तू आधी खाली बस. बसलीस? सांगतो."

पंचांनी आमच्या जोडीचा नंबर पुकारला. मी त्यांना हातानंच म्हटलं, थांबा जरा.